दुसऱ्याच्या हाताला बेतलेले पिस्तूल: वापरलेल्या १० मीटर एअर पिस्तुलाची खरेदीपूर्व तपासणी

एका अनुभवी नेमबाजाने स्पर्धेतून निवृत्त होताना आपले १० मीटर एअर पिस्तूल विकायला काढले आणि ते तपासण्यासाठी तीन दिवस माझ्या ताब्यात दिले. पिस्तूल दाबहवेच्या सिलिंडरवर चालणारे, मेकॅनिकल ट्रिगरचे आणि नामवंत कारखान्यातून आलेले होते; परंतु कारखान्यातून जसे बाहेर पडले तसे ते आता राहिलेले नव्हते. ग्रिप कोरून आणि लांबी (पुट्टी) भरून बदललेली होती, ट्रिगरची पाती घरी घडवलेली होती, नळीखाली जास्तीचे वजन बसवलेले होते आणि रिअर साइटची, म्हणजे नेम धरण्याच्या मागच्या पट्टीची, खाच कानशीने रुंद केलेली होती. कारखान्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे दोष सांगणार आहे ते जवळजवळ सगळे मागाहून झालेल्या बदलांचे आणि वयाचे आहेत, मूळ बनावटीचे नाहीत. स्टायर, मोरिनी, फाइनवर्कबाऊ, वॉल्थर, पार्दिनी यांपैकी कोणाचेही पिस्तूल असे बदल करून विकायला आले, तरी तपासणी याच क्रमाने करावी लागेल.

विक्रेत्यांनी पिस्तूल हातात देताना सांगितले, "या ग्रिपवर मी दोन वर्षं मेहनत घेतली आहे. अशी ग्रिप तुम्हाला विकत मिळणार नाही." त्यांचे म्हणणे खरे होते आणि त्यामागची माया मला समजत होती. मात्र खरेदीदाराच्या दृष्टीने प्रश्न वेगळा असतो. ती मेहनत त्यांच्या हातासाठी होती. माझा तळवा त्यांच्यापेक्षा रुंद आहे आणि बोटे लांब आहेत. म्हणून पहिल्याच दिवशी वहीत दोन रकाने केले: एका बाजूला यंत्राचे मूळ गुणदोष आणि दुसऱ्या बाजूला आधीच्या मालकाने केलेले बदल. प्रत्येक बदलापुढे एकच प्रश्न लिहिला, की हा बदल मूळ भागाला धक्का न लावता उलटवता येतो का. उलटवता येत असेल तर त्याची चिंता करण्याचे कारण नाही. येत नसेल तर तो कितीही कौशल्याने केलेला असला तरी तो किमतीत भर घालत नाही, उलट किंमत कमी करतो.

सुरुवात अर्थातच सुरक्षिततेपासून केली. ब्रीच, म्हणजे छर्रा भरण्याचे नळीचे मागचे तोंड, उघडून नळीत छर्रा नाही हे डोळ्यांनी पाहिले, सिलिंडर काढला आणि त्यानंतरही पिस्तूल सुरक्षित दिशेला धरून एकदा ट्रिगर ओढला, कारण या प्रकारच्या अनेक पिस्तुलांमध्ये सिलिंडर काढल्यावरही आतल्या कोठीत एका शॉटपुरती हवा शिल्लक राहू शकते. त्यानंतर फ्रेमवरचा अनुक्रमांक कागदपत्रांशी ताडून पाहिला. तो जुळला. जुळला नसता तर तपासणी तिथेच थांबवली असती.

बाहेरून पाहताना माझे लक्ष रंगावर किंवा ओरखड्यांवर फारसे जात नाही. दहा-बारा वर्षे स्पर्धेत वापरलेल्या पिस्तुलावर पेटीचे घाव असणारच. मी स्क्रूची डोकी पाहतो. योग्य मापाच्या पान्याने फिरवलेल्या स्क्रूची खाच वर्षानुवर्षे धारदार राहते आणि चुकीच्या मापाचा पाना लावला की तिच्या कडा गोल होऊन चकाकू लागतात. या पिस्तुलावर ग्रिपचा आणि साइटचे स्क्रू स्वच्छ होते. ट्रिगरच्या मागचा एक बारीक स्क्रू मात्र झिजलेला होता, म्हणजे तिथे कोणीतरी वारंवार आणि घाईने हात घातला होता. ही खूण मी लक्षात ठेवली आणि पुढे ती खरी ठरली.

ग्रिपबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण बेतलेल्या पिस्तुलाची अर्धी कथा तिथेच असते. ग्रिप अक्रोडाच्या लाकडाची होती. अंगठ्याखालचा भाग खोल कोरलेला होता, मधल्या बोटाच्या बेचक्यात लाकडाची पुट्टी भरून उंचवटा केलेला होता आणि पाम शेल्फ, म्हणजे तळव्याच्या कडेला खालून आधार देणारी फळी, किंचित वर वळवून बसवलेली होती. काम सुबक होते. घाम शोषला जावा आणि पकड सरकू नये म्हणून पृष्ठभागावर बारीक टोचे मारलेले होते आणि तेही एकसारखे होते. पण मी हात घातला तेव्हा मधल्या बोटाचा उंचवटा माझ्या पेराखाली येण्याऐवजी सांध्याखाली आला आणि तर्जनी ट्रिगरवर सरळ न पडता थोडी वाकडी पडू लागली.

ग्रिप आपल्या हाताची आहे की नाही हे ठरवण्याची जुनी पद्धत सोपी आहे. लक्ष्याकडे तोंड करून उभे राहायचे, पिस्तूल उचलायचे, डोळे मिटायचे, दोन श्वास घेऊन हात आपोआप जिथे स्थिरावेल तिथे स्थिरावू द्यायचा आणि मग डोळे उघडायचे. चांगल्या ग्रिपमध्ये फ्रंट साइट रिअर साइटच्या खाचेत जवळजवळ मध्यभागी सापडते. मनगट वळवून ती मध्यभागी आणावी लागत असेल, तर ६०व्या शॉटला थकलेले मनगट ते काम करणार नाही. मी हे वीस वेळा केले. सतरा वेळा फ्रंट साइट खाचेच्या डाव्या भिंतीला चिकटलेली सापडली. ग्रिप फ्रेमवर थोडी तिरकी करून पाहिली, त्यासाठी या वर्गाच्या अनेक पिस्तुलांत सोय असते. फरक पडला, पण पुरेसा नाही.

त्यानंतर मापपेटी घेतली. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे १० मीटर एअर पिस्तूल सर्व जोडण्यांसह ४२० मिमी लांब, २०० मिमी उंच आणि ५० मिमी रुंद अशा पेटीत बसले पाहिजे. लांबी आणि उंचीचा प्रश्न नव्हता. रुंदीला अंगठ्याच्या आधाराचा फुगवटा अडला. दाबून बसवण्याचा प्रयत्न करायचा नसतो, म्हणून व्हर्नियर लावून मोजले. साडेएक्कावन्न मिमी भरले. दीड मिलिमीटर ही कानशीच्या दहा मिनिटांची गोष्ट आहे, पण विक्रेत्यांनी हेच पिस्तूल अनेक स्पर्धांत वापरल्याचे सांगितले होते. मी विचारले तेव्हा त्यांनी प्रांजळपणे कबूल केले, की अंगठ्याचा तो शेवटचा थर त्यांनी सरावासाठी नंतर चढवला होता आणि त्यानंतर स्पर्धा खेळलेच नाहीत. पाम शेल्फही नियमात बसणारे नव्हते. ते ग्रिपशी ९० अंशांपेक्षा लहान कोनात असता कामा नये, म्हणजे तळव्याला खालून आधार द्यावा, वर वळून हाताला कवेत घेऊ नये. इथे कोन साधारण ८५ अंश होता. स्क्रू सैल करून ते सरळ करता आले, म्हणून तो दोष मी किरकोळ धरला. परंतु ज्याला नियमांची सवय नाही असा नवा नेमबाज हे पिस्तूल तसेच्या तसे घेऊन स्पर्धेच्या साहित्य तपासणीला गेला असता, तर सकाळीच परत फिरला असता.

पुट्टी भरलेल्या ग्रिपमध्ये आणखी एक गोष्ट पाहावी लागते. पुट्टीखालचे लाकूड शाबूत आहे का? ग्रिप काढून आतल्या बाजूने पाहिली, तेव्हा मुख्य स्क्रूच्या भोकापासून निघालेली केसाएवढी एक चीर दिसली. तिच्यावर बोट फिरवले तर लागत नव्हती, पण उजेडात तिरकी धरल्यावर स्पष्ट दिसत होती. ग्रिप घट्ट बसवून तिच्या आणि फ्रेमच्या कडेवर पेन्सिलची एक रेघ मारली आणि पुढच्या दिवशी सुमारे ऐंशी शॉटनंतर पाहिले: रेघ अर्ध्या मिलिमीटरने तुटलेली होती. म्हणजे ग्रिप पकडीच्या दाबाने हलत होती. ग्रिप हलणारे पिस्तूल कितीही अचूक असले तरी नेमबाज आपल्या चुका शोधत बसतो आणि चूक लाकडाची असते.

मी विचारले की मूळ ग्रिप आहे का. विक्रेत्यांनी जरा आठवून पेटीच्या तळाचा फोमचा तुकडा उचलला आणि त्याखालून फडक्यात गुंडाळलेली कारखान्याची ग्रिप काढली. तिच्यावर धूळ होती, पण लाकूड नव्यासारखे होते आणि मापही माझ्या हाताला जुळणारे होते. माझ्या लेखी या संपूर्ण व्यवहारातली सर्वांत मोलाची वस्तू तीच होती. वापरलेले बेतलेले पिस्तूल घेणाऱ्याने पिस्तुलापेक्षाही आधी विचारावे ते काढून ठेवलेल्या मूळ भागांबद्दल: मूळ ग्रिप, मूळ ट्रिगर पाती, मूळ साइट, सोबत आलेले पाने आणि कारखान्याने चाचणीसाठी मारलेले पहिले टार्गेट. ते असतील तर बदल हे फक्त बदल राहतात. नसतील तर आपण आधीच्या मालकाचे निर्णय कायमचे विकत घेतो.

ट्रिगरकडे वळतो. या प्रकारात ट्रिगरचे किमान वजन ५०० ग्रॅम असावे लागते. तपासणीसाठी नळी सरळ वर करून ट्रिगरच्या पातीवर ५०० ग्रॅमचे वजन टांगतात आणि ते पिस्तुलाने उचलले गेले पाहिजे. त्या वेळी पिस्तुलात हवेचा भार असावा लागतो, कारण हवेशिवाय काही पिस्तुलांचा ट्रिगर वेगळा वागू शकतो. विक्रेत्यांचे म्हणणे होते की ट्रिगर ५१० ग्रॅमवर लावलेला आहे. पहिल्या प्रयत्नात वजन उचलले गेले नाही. दुसऱ्यात नाही. तिसऱ्यात क्षणभर उचलले गेले आणि ट्रिगर सुटला.

त्यांची लबाडी नव्हती, हे थोड्या वेळाने लक्षात आले. घरी घडवलेली ॲल्युमिनियमची पाती मूळ पातीपेक्षा सुमारे चार मिलिमीटर खाली उतरत होती आणि बोट टेकण्याचा खळगाही खाली होता. ट्रिगर ही शेवटी एक तरफ आहे. बोट खिळीपासून जितके लांब, तितका जोर कमी लागतो. त्यांनी स्प्रिंग मूळ पातीवर ५१० ला लावली, नंतर पाती बदलली आणि वजन पुन्हा मोजलेच नाही. पेटीतली मूळ पाती बसवल्यावर तीच स्प्रिंग तिन्ही वेळा ५०० ग्रॅम व्यवस्थित उचलत होती. इतका साधा खुलासा मिळाल्यावर बरे वाटले, पण ट्रिगरच्या मागचा तो झिजलेला स्क्रू डोक्यातून गेलेला नव्हता.

तो दुसऱ्या टप्प्याची जुळणी करणारा स्क्रू होता. चांगल्या दोन टप्प्यांच्या ट्रिगरमध्ये पहिला टप्पा हलका आणि एकसारखा सरकतो, मग भिंत लागते आणि भिंतीवर जोर वाढवला की हालचाल जाणवू न देता शॉट सुटतो. इथे भिंत लागल्यावर शॉट सुटण्याआधी किंचित, काचेवर वाळूचा कण सरकावा तशी, एक खरखर जाणवत होती. प्रत्येक वेळी नाही. दहात तीन-चार वेळा. मी स्क्रू किती आटे आत आहे ते मोजून घेतले आणि दोन्ही बाजूंना फिरवून पाहिले. बाहेरच्या बाजूला भरपूर वाव होता, आतल्या बाजूला पाव आटाही शिल्लक नव्हता. जुळणीचा स्क्रू टोकाला जाऊन बसलेला असणे ही बहुतेक वेळा झिजेची खूण असते, कारण नवीन यंत्रात कारखाना तो मधोमध ठेवतो आणि माणसे वर्षानुवर्षे झीज भरून काढण्यासाठी तो एकाच दिशेने फिरवत राहतात. विक्रेत्यांना विचारले तेव्हा कळले, की काही वर्षांपूर्वी एका कारागिराने सिअरच्या, म्हणजे ट्रिगर ओढेपर्यंत हातोडीला अडवून धरणाऱ्या भागाच्या, कडा बारीक दगडाने घासून गुळगुळीत केल्या होत्या.

हा बदल उलटवता येत नाही. सिअरची कडा अनेकदा पातळ थरापुरतीच कठीण केलेली असते. घासताना तो थर गेला तर पोलाद मऊ पडते आणि कडा लवकर गोल होते. मग ट्रिगर आज मखमली लागतो आणि सहा महिन्यांनी स्वतःहून सुटू लागतो. म्हणून मी धक्क्याची चाचणी घेतली: सिलिंडर काढून, आतली हवा संपवून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून पिस्तूल ताणले आणि ग्रिपच्या तळावर हाताच्या तळव्याने आठ-दहा वेळा मध्यम जोराने ठोकले. ट्रिगर एकदाही सुटला नाही. तरीही माझे मत ठाम आहे, की सिअरचा तो भाग बदलल्याशिवाय हे पिस्तूल स्पर्धेत नेऊ नये. ट्रिगरवर काम झालेले पिस्तूल विकणारा माणूस ते गुण म्हणून सांगतो. घेणाऱ्याने ती दुरुस्तीच्या यादीतली पहिली नोंद समजावी.

मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक ट्रिगर यांतला फरकही इथे सांगायला हवा, कारण वापरलेल्या पिस्तुलांत दोन्ही प्रकार भेटतात. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरमध्ये अशी घासाघीस करायला वावच नसतो, हा त्याचा मोठा फायदा; पण तिथे सर्किट, संपर्क आणि बॅटरीची जागा तपासावी लागते आणि ती तपासणी घरी पुरेशी होत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये जुलै २०२१ मध्ये मनू भाकरचे पिस्तूल पात्रता फेरी चालू असतानाच बिघडले, दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि ती ५७५ गुणांसह बाराव्या स्थानी राहून अंतिम फेरीला दोन गुणांनी मुकली. जगातील उत्तम निगा राखलेल्या साहित्याच्या बाबतीत हे घडू शकते, तर दुसऱ्याने वापरलेल्या आणि बदललेल्या पिस्तुलाकडे किती बारकाईने पाहावे लागेल याचा अंदाज येतो.

पहिल्या रात्री हवेची चाचणी लावून ठेवली होती. सोबत दोन सिलिंडर होते आणि दोन्हींवर निर्मितीची तारीख कोरलेली होती. अशा सिलिंडरची मुदत सामान्यतः निर्मितीपासून दहा वर्षे धरली जाते आणि मुदत उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. मुदतीची जबाबदारी नेमबाजाचीच असते. एका सिलिंडरची मुदत अकरा महिन्यांपूर्वी संपलेली होती. दुसऱ्याची जवळजवळ तीन वर्षे शिल्लक होती. २०० बारच्या दाबाने भरली जाणारी वस्तू हातात, चेहऱ्यापासून हातभर अंतरावर धरायची असते. मुदत संपलेला सिलिंडर "अजून चांगला चालतो" या शब्दावर कधीही घेऊ नये. मी तो भरलासुद्धा नाही.

चालू मुदतीचा सिलिंडर १८० बारपर्यंत भरून पिस्तुलाला जोडून ठेवला आणि सकाळी पाहिले तर काटा १६५ वर होता. सिलिंडर भरताना गरम होतो आणि निवल्यावर दाब थोडा उतरतो, म्हणून मी भरल्यानंतर तासभर थांबूनच पहिली नोंद केली होती. पंधरा बारची घट निव्वळ निवण्याने आलेली नव्हती. दुसऱ्या रात्री तोच सिलिंडर पुन्हा भरून, पिस्तुलापासून सोडवून वेगळा ठेवला. सकाळी काटा हललेला नव्हता. म्हणजे सिलिंडर निर्दोष आणि गळती पिस्तुलाच्या बाजूला. साबणाचे पाणी बारीक ब्रशने जोडावर लावले तेव्हा मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक वर येऊ लागले. मी ते लगेच पुसून कोरडे केले. हवा नळीवाटे निसटत असती, तर मुख्य व्हॉल्व्हचे काम निघाले असते आणि माझा निर्णय कदाचित बदलला असता. जोडावरची गळती ओ-रिंग, म्हणजे तिथली रबरी कडी, बदलून थांबते. ओ-रिंगला घरातले कुठलेही तेल लावू नये, एवढे मात्र आवर्जून सांगतो. उच्च दाबाच्या हवेत खनिज तेल पेट घेऊ शकते. सिलिकॉन ग्रीसचा पुसट थर पुरतो.

वेग मोजण्यासाठी क्रोनोग्राफ लावून सलग तीस शॉट मारले. सगळे वेग १४६ ते १४९ मीटर प्रति सेकंद यांच्या दरम्यान आले आणि इतक्या वयाच्या पिस्तुलासाठी मी हा पट्टा उत्तम मानतो. पण सलग मारलेल्या शॉटमध्ये रेग्युलेटरचा, म्हणजे प्रत्येक शॉटसाठी हवेचा दाब सारखा राखणाऱ्या भागाचा, खरा स्वभाव दिसत नाही. म्हणून पंधरा मिनिटे पिस्तूल तसेच ठेवले आणि पुन्हा सुरुवात केली: पहिला शॉट १५३, दुसरा १४९, तिसरा १४८. हाच प्रयोग चार वेळा केला आणि चारही वेळा पहिला शॉट वेगवान निघाला. रेग्युलेटरची बैठक थोडी थकली की स्वस्थ पडलेल्या पिस्तुलात दाब हळूहळू ठरावीक पातळीच्या वर चढतो आणि पुढचा पहिला शॉट ती शिलकी हवा घेऊन जातो. केवळ गुरुत्वाकर्षणाचा हिशेब केला, तर १४८ च्या वेगाने छर्रा १० मीटरवर सुमारे २२.४ मिमी खाली येतो आणि १५३ च्या वेगाने सुमारे २१ मिमी. फरक जवळजवळ दीड मिलिमीटरचा. दहाचे वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचे असल्यामुळे पात्रता फेरीत यातून फार नुकसान होत नाही. अंतिम फेरीत मात्र गुण दशांशात मोजतात, ०.१ गुणाची पायरी ०.८ मिमीची असते आणि बरेचसे शॉट आज्ञेची वाट पाहत थांबून एकेक करून मारायचे असतात. तिथे हा दोष अधिक जाणवेल. रेग्युलेटरची बैठक आणि सील बदलणे हे नियमित सेवेचे काम आहे, असाध्य दुखणे नव्हे.

नळी मात्र उत्कृष्ट निघाली. वाळूच्या पिशवीवर टेकवून पाच-पाच शॉटचे पाच ग्रुप मारले. चार ग्रुप बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत साडेसहा ते सात मिमीमध्ये बसले, एक आठ मिमीपर्यंत पसरला. छर्रा स्वतःच साडेचार मिमीचा असतो हे लक्षात घेतले, तर पाचही शॉट एकाच भोकातून गेल्यासारखे दिसत होते. नळीच्या तोंडाची कडा भिंगाखाली स्वच्छ होती.

रिअर साइटबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. खाच रुंद करताना उजवा कोपरा किंचित गोल झाला होता आणि त्यामुळे फ्रंट साइटच्या दोन्ही बाजूंच्या प्रकाशपट्ट्या वेगळ्या दिसत होत्या. ती पाती बदलून मिळते. साइटची यंत्रणा महत्त्वाची होती, म्हणून दहा क्लिक उजवीकडे, दहा वर, दहा डावीकडे आणि दहा खाली अशी चौकट मारून पाहिली. शेवटचा ग्रुप पहिल्या ग्रुपवर परत आला, म्हणजे स्क्रूत सैलपणा नाही.

नळीखालच्या जास्तीच्या वजनासह पिस्तूल ११२० ग्रॅम भरले. कमाल मर्यादा १५०० ग्रॅम असल्यामुळे नियमाची अडचण नाही. तोंडाकडे जड असलेले पिस्तूल शॉटच्या क्षणी स्थिर वाटते आणि पहिल्या वीस शॉटना फार आवडते. ७५ मिनिटांत ६० शॉट मारताना खांद्याला त्याची किंमत द्यावी लागते. हे वजन बसवण्यासाठी फ्रेमला छिद्र पाडून आटे पाडले असतील अशी मला धास्ती होती. सुदैवाने ते नळीच्या आवरणावर पकडपट्टीने कसलेले होते आणि काढल्यावर खाली फक्त एक फिकट पट्टा उरला.

तिसऱ्या दिवशी दोन्ही ग्रिप लावून हाताने मारून पाहिले. बेतलेल्या ग्रिपवर दहा-दहा शॉटच्या दोन मालिकांत ८८ आणि ८७ गुण झाले आणि बहुतेक चुकलेले शॉट डावीकडे खाली गेले, डोळे मिटून केलेल्या चाचणीने सांगितले होते तसेच. कारखान्याची ग्रिप, मूळ ट्रिगर पाती आणि जास्तीचे वजन काढलेले पिस्तूल घेऊन पुढच्या दोन मालिका ९४ आणि ९३ झाल्या. माझी सरासरी ९३च्या आसपास असते. पिस्तूल माझ्या आड येत नव्हते आणि पहिल्या पसंतीसाठी मला एवढेच हवे होते.

विक्रेत्यांनी किंमत सांगताना ग्रिप, पाती, वजन आणि ट्रिगरवरचे काम यांची वेगळी रक्कम धरली होती. मी त्यांना चहाच्या टेबलावर वही उघडून दाखवली. बदलांची रक्कम शून्य धरावी, त्यातून सिअरचा भाग, रेग्युलेटरची सेवा, ओ-रिंगचा संच आणि एका नव्या सिलिंडरचा खर्च वजा करावा आणि उरलेल्या रकमेत नळी, फ्रेम, साइट आणि मूळ भाग यांना पूर्ण मोल द्यावे, असा माझा प्रस्ताव होता. त्यांनी वही दोनदा वाचली. पहिल्या शॉटच्या वेगाचे आकडे पाहून ते म्हणाले, "शेवटच्या वर्षी अंतिम सरावात पहिला शॉट वर जायचा. मी श्वासाला दोष देत होतो." थोड्या वेळाने त्यांनी प्रस्ताव मान्य केला, एक अट घातली, की कोरलेली ग्रिप त्यांच्याकडेच राहील. मला ती मान्य होती.

ज्याला पहिलेच पिस्तूल घ्यायचे आहे, त्याला मी हे पिस्तूल सुचवणार नाही. ट्रिगर आणि रेग्युलेटर यांचे काम होईपर्यंत त्याला स्वतःची चूक आणि यंत्राची चूक वेगळी करता येणार नाही आणि सुरुवातीच्या काळात तेच वेगळे करायला शिकायचे असते. ज्याच्याकडे दुसरे चालू पिस्तूल आहे, वजन, मापपेटी आणि क्रोनोग्राफ यांची सोय आहे आणि सेवेसाठी दोन महिने थांबण्याची तयारी आहे, त्याच्यासाठी मूळ भागांसह मिळणारे हे पिस्तूल उत्तम खरेदी आहे. माझे पिस्तूल सध्या सिअर आणि सील बदलण्यासाठी गेले आहे. परत आल्यावर तीन गोष्टी पुन्हा मोजायच्या आहेत: ५०० ग्रॅमचे वजन तिन्ही वेळा उचलले जाते का, रात्रभर जोडलेल्या सिलिंडरचा काटा हलतो का आणि पंधरा मिनिटांच्या विश्रांतीनंतरचा पहिला शॉट १५० च्या खाली राहतो का.